लाल की काळी

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माणसं भांडतात ती नळाच्या पाण्यावरून, दुकानासमोर गाडी लावण्यावरून आणि गणपतीच्या वर्गणीवरून. इटलीत तयार होणाऱ्या दोन मोटरसायकलींवरून दीड वर्ष वाद घालणारं घर अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एकच होतं, आणि त्या घरात दोन्हींपैकी एकही मोटरसायकल नव्हती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात. इथे तर तुरी इटलीत होत्या.

घर श्यामराव घाटोळ्यांचं. खाली कापडाचं दुकान, वर दोन मजले, पुढे रस्त्यावर डोकावणारी गॅलरी. श्यामराव रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. हल्ली लोको पायलट म्हणतात, पण श्यामरावांना तो शब्द विमानातला वाटायचा, तेव्हा आपणही ड्रायव्हरच म्हणू. दल्लीराजहऱ्याचं लोखंडाचं खनिज आणि कोरब्याचा कोळसा त्यांनी उभी नोकरी ओढला. पंचाहत्तरीला टेकलेले असूनही चष्म्याशिवाय रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायचे आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

मुलगा सुशील सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्ट्यांचा प्रमुख होता. पंचेचाळीस वय, कानशिलांवर पांढरे केस, घरात आवाज न चढवणारा माणूस. व्यसन एकच. कॉलेजात असताना रद्दीतून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात त्याने वेगाच्या मोटरसायकली पाहिल्या आणि तो त्यांच्यावर जो खुळावला तो खुळावलाच. दोन वर्षांपूर्वी रजा काढून चेन्नईजवळच्या रेसच्या ट्रॅकवर जाऊन रीतसर शिकूनही आला. आता त्याला दोहोंपैकी एक हवी होती. एक लाल, डुकाटीची पानिगाले. दुसरी काळी, एप्रिलियाची आरएसव्ही फोर. घरात नावांची अडगळ नको म्हणून विनोदिनीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पहिल्याच आठवड्यात एकीला लाल आणि दुसरीला काळी करून टाकलं होतं.

मग घोडं अडलं कुठे? या घराच्या एका रीतीपाशी. शेडमधून इंजिन बाहेर काढण्याआधी ते कोणीतरी तपासून 'फिट' म्हणतो, त्याशिवाय ते गाडीला लागत नाही. श्यामरावांनी ही रीत नोकरीतून घरात आणली. फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याचं दार उघडमीट करून पाहिलं, 'फिट' म्हटलं, मग विनोदिनीबाईंनी त्याला कुंकू लावलं. टीव्ही, गिझर, सुशीलची चारचाकी, सगळ्यांना हेच. सुशीलसाठी मंजिरीला पाहायला गेले होते तेव्हाही परतताना रिक्षात श्यामराव 'फिट' म्हणाले होते. ही गोष्ट मंजिरीला लग्नानंतर कळली आणि तिने ती अजून पुरती माफ केलेली नाही.

तर सुशील रोज संध्याकाळी कारखान्यातून आला, हातपाय धुतले, की गॅलरीत बापासमोर खुर्ची ओढून बसायचा. मंजिरी चहा आणून द्यायची. आणि वाद सुरू व्हायचा.

"लालच घेऊन टाकू म्हणतो, बाबा. पाहिली की कोणी पण ओळखते."

"लोकायनं ओळखायसाठी घेऊन राहिला का तू? अरे, काळी वळणावर कशी जाते ते पाह्य. रुळावरून गेल्यासारखी जाते. लाल दिसायले चांगली आहे, तसा मोरही चांगला दिसते."

सुशील विचारात पडायचा. दोन दिवसांनी म्हणायचा, "हव बाबा, काळीच ठीक वाटून राहिली मले."

"ठीक आहे ना. वाईट कोण म्हणते? पण एप्रिलिया म्हटलं की आपल्या इकडे लोकायले स्कूटर आठवते. परवा नरहरी म्हणे, तुमचा सुशील म्हणे इटलीहून स्कूटर आणून राहिला. लालचं तसं नाही. तिचा आवाज ऐकला का तू?"

नरहरी म्हणजे समोरचे शेजारी, आणि ते असलं काही म्हणाले नव्हते. श्यामरावांनी फोनवर व्हिडिओ पाहायला मंजिरीकडून शिकून घेतलं होतं. हिंदी पाहिले, इंग्रजी पाहिले, अखेर कोणा इटालियन माणसाचे व्हिडिओ रोज ऐकू लागले, शब्दही न कळता. चाकं, ब्रेक, इंजिनाची मांडणी, बसण्याची ठेवण, सगळं तोंडपाठ. पोराने लाल म्हटलं की काळीचे गुण काढायचे, काळी म्हटलं की लालचे. दोन्ही पारडी सारखी राहिली पाहिजेत, एवढंच त्यांचं काम. पोराला वाटावं बाप किती मन लावून सल्ला देतोय, आणि घोंगडं मात्र भिजतच राहावं.

कारण खरी गोष्ट अशी होती की श्यामरावांना भीती वाटत होती. साधी, नागडी भीती. दोन्ही गाड्या दोनशेच्या वर घोड्यांच्या ताकदीच्या. आपल्या इंजिनाचे घोडे हजारांनी होते हे श्यामरावांना ठाऊक होतं, पण त्या घोड्यांच्या मागे कोळशाने भरलेली लांबलचक गाडी जुंपलेली असायची. इथे दोनशे घोडे आणि मागे एकटा त्यांचा पोट्टा. सुशील एकोणीस वर्षांचा असताना मित्राची मोटरसायकल घेऊन भिलाईच्या रस्त्यावर पडला होता. उजव्या गळपट्टीचं हाड मोडलं. श्यामराव तेव्हा मालगाडी घेऊन झारसुगुड्याकडे होते. ते घरी पोचले तोवर दवाखाना, एक्स-रे, पट्टा सगळं उरकून पोरगा डाव्या हाताने वरणभात खात होता. त्या मोडलेल्या हाडावर अजूनही एक उंचवटा आहे आणि सुशीलने बनियन घातलं की श्यामराव तिकडे बघत नाहीत.

सरळ 'नाही' का म्हणाले नाहीत, असं कोणी विचारेल. म्हटलं असतं तर पोराने ऐकलं असतं, हीच तर अडचण होती. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, सगळा कारखाना ज्याच्या शब्दावर चालतो, तो बापाच्या एका शब्दावर मान खाली घालून गप्प बसला असता आणि जन्मभर तसाच बसला असता. शिवाय या घरात हो की नाही म्हणायला श्यामराव होते कधी? शाळा, ताप, परीक्षा, पोराची पहिली दाढी, सगळं विनोदिनीबाईंनी निभावलं. ड्रायव्हरचा मुलगा बापाला बहुतेक झोपलेलाच पाहतो.

बाप-लेकात पूर्वीपासून एकच गोष्ट खास होती. इंजिनात दोन माणसं असतात. हिरवा सिग्नल दिसला की एकाने हात करून मोठ्याने म्हणायचं, 'हरा'. दुसऱ्याने स्वतः पाहून उत्तर द्यायचं, 'हरा'. दुसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय पहिल्याने ते खरं धरायचं नाही. आणि दिसेल तेच म्हणायचं, यात थट्टा नाही, नजरचूक नाही, दयामाया नाही. श्यामराव घरी असतील त्या थोड्या दिवसांत सुशीलला लुनावर मागे बसवून बाजारात न्यायचे आणि प्रत्येक चौकात हा खेळ चालायचा. पोरगा मागून ओरडायचा, "बाबा, लाल!" बाप म्हणायचा, "लाल." आजही सुशील चारचाकी चालवत असला की शेजारी बसलेल्या श्यामरावांचा हात शास्त्री चौकात आपोआप वर जातो आणि सुशील आपोआप उत्तर देतो. मंजिरी मागच्या सीटवर कपाळाला हात लावते.

दीड वर्ष सगळं ठीक चाललं. मग दसरा आला.

सकाळी सुशीलने चारचाकीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या दसऱ्याले इथं लाल उभी राहीन, बाबा." श्यामरावांनी मनात नोंद केली. आज पोट्टा लालकडे, म्हणजे संध्याकाळी आपण काळीकडे. दुपारी श्रीखंड-पुरी झाली, ती अंमळ जास्तच झाली, आणि श्यामराव गॅलरीत खुर्चीतच पेंगले. दरम्यान सुशील सोनं द्यायला मित्रांकडे गेला, तिथे काहीतरी बोलणं झालं, आणि येताना पक्षांतर करून आला. श्यामरावांना याचा पत्ता नाही. डोळे उघडले तर समोर सुशील. त्यांनी त्याला तोंडही उघडू दिलं नाही.

"मी विचार केला बरं का. काळीच. काळीसारखी गाडी नाही. तू आता लालचं नाव काढू नको."

सुशील त्यांच्याकडे पाहत राहिला. मग हसला. "मी पण तेच सांगायले आलो होतो. काळीच. मग फिट म्हणा न, बाबा. दसरा आहे."

दीड वर्षात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. श्यामरावांची झोप खाडकन उतरली. आयुष्यात त्यांनी एकदाही लाल सिग्नल ओलांडला नव्हता, तो आज झोपेत ओलांडला होता. त्यांनी घाईघाईने हाताशी आलेलं पहिलं कारण पुढे केलं.

"न चालवता फिट कसं म्हणू? इंजिन कधी फोटो पाहून फिट करते का कोणी? दोन्ही आण समोर. दोन्ही चालव. मी पाह्यतो. मग सांगतो."

रायपुरात या दोन गाड्या एका जागी कोण आणून दाखवणार, हा त्यांचा हिशोब. पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. व्हीआयपी रोडवर वापरलेल्या परदेशी मोटरसायकलींचा एक व्यापारी होता. त्याच्याकडे लाल होतीच, काळी त्याने दिवाळीनंतर नागपूरहून मागवली. ट्रॅकवर शिकून आल्याचं सुशीलचं प्रमाणपत्र त्याने पाहिलं आणि म्हणाला, "भैया, इतवार को सुबह नवा रायपुर आ जाइए. दोनों गाड़ी ले के आता हूँ. अंकलजी को भी लाइए."

शनिवारी संध्याकाळी विनोदिनीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सांबारवडीसाठी सांबार निवडत होत्या. सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भातून आलेल्या घरांनी रायपुरात तीन पिढ्या काढल्या तरी तिला कोथिंबीर म्हटलेलं नाही. श्यामराव आत-बाहेर करत होते. एकदा पाणी प्यायले, एकदा पाणी प्यायला आलो होतो हे विसरून परत गेले.

"अजी, बसा एका जागी," विनोदिनीबाई म्हणाल्या. "उद्या तुम्ही दोन्ही गाड्यायले अनफिट म्हणून राहिले, हो ना?"

श्यामराव उभेच राहिले. त्यांनी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. ठरवलं मात्र तेच होतं. दोन्ही पाहायच्या, मान हलवायची आणि म्हणायचं, अनफिट.

"तुले कसं माहीत?"

"दीड वर्ष पाहून राहिली न मी. पोट्टा इकडे गेला की तुम्ही तिकडे. आंधळी आहे का मी?" त्यांनी काड्या एका बाजूला सारल्या. "मले एक सांगा. तुम्ही ड्युटीची पेटी घेऊन निघत होते, डोंगरगडच्या चढावर कोणाची गाडी घसरली म्हणून ऐकू येई, कुठं रुळावर दरड आली म्हणून ऐकू येई. मी कधी म्हटलं का तुम्हाले, जाऊ नका म्हणून?"

"ती नोकरी होती."

"मले काय, नोकरी असो की हौस असो. वाट तर तेवढीच पाहा लागते."

श्यामरावांनी पेला उगाच विसळला आणि पालथा घातला. विनोदिनीबाईंनीही पुढे काही वाढवलं नाही. वड्या उत्तम झाल्या होत्या, पण त्या रात्री श्यामरावांनी दुसऱ्यांदा घेतल्या नाहीत.

रविवारी सकाळी नवा रायपूरचे रस्ते मोकळे असतात. सरकारने मोठ्या हौसेने रुंद करून ठेवलेले, त्यांच्यावर अजून माणसं यायची आहेत. हवेत थंडी होती. व्यापाऱ्याने छोट्या ट्रकमधून दोन्ही गाड्या उतरवून रस्त्याच्या कडेला शेजारी-शेजारी उभ्या केल्या. श्यामरावांनी त्या पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिल्या. फोनवर होत्या त्याहून लहान होत्या, आणि त्यामुळे भीती जास्तच वाटली. लाल तर इतकी देखणी होती की श्यामरावांना तिचा राग येईना. त्यांनी सवयीने वाकून दोघींची चाकं पाहिली, साखळीला बोट लावलं, ब्रेकची तबकडी निरखली. व्यापाऱ्याने चहाच्या टपरीवरून प्लास्टिकची खुर्ची आणली. "आप आराम से बैठिए, अंकलजी."

सुशील आधी लालवर बसला. अंगात चामड्याचा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट. काच खाली केल्यावर चेहरा दिसेना. इंजिन सुरू झालं तेव्हा टपरीवरचे दोन-चार लोक उठून उभे राहिले. मग तो निघाला, दूरच्या गोलचक्कराकडे. लाल ठिपका, मग नुसता आवाज, मग तोही नाही.

आणि श्यामराव खुर्चीत बसून राहिले.

जन्मभर ते जाणारे होते. पेटी उचलायची, जिना उतरायचा, शेडचा रस्ता धरायचा. मागे काय राहतं ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पुढे रूळ असतात, सिग्नल असतात, हाताला काम असतं. जाणाऱ्याला भीती वाटायला सवड नसते. सगळी सवड मागे राहिलेल्याकडे असते. रस्ता समोर पडलेला, त्यावर काही नाही. एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं. एव्हाना आवाज यायला हवा होता. नाही आला. श्यामरावांना ते गळपट्टीचं हाड आठवलं, आणि पहिल्यांदाच असंही आठवलं की त्या दिवशी विनोदिनी दवाखान्याच्या बाकावर एकटी बसली असेल. नवरा गाडीवर, पोरगा आत, सांगायला कोणी नाही. घरी आल्यावर आपण तिला विचारलं होतं ते एवढंच, की मोटरसायकल कोणाची होती. श्यामरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की व्यापाऱ्याने विचारलं, "अंकलजी, पानी दूँ?"

मग आवाज आला, लाल ठिपका आला, आणि सुशील येऊन थांबला. शेवटी ब्रेक जरा जोरात लागला, गाडीचं नाक खाली गेलं. काच वर करून तो हसत होता. डोळे नुसते लकाकत होते. "बाबा! लाल म्हणजे लाल! मी काहून काळी म्हणत होतो?"

मग तो काळीवर बसला आणि पुन्हा गेला. या खेपेला श्यामराव बसले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि पाहत राहिले, जितकं दिसेल तितकं. जाताना पाहिलं, येताना पाहिलं. लालवर सुशीलचा उजवा खांदा वर चढलेला होता, हाड मोडलं होतं त्याच बाजूचा. लालवर तो पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता. काळीवर खांदे खाली होते. लांबूनच त्याने वेग उतरवायला घेतला, घाई न करता, आणि स्टेशनात गाडी लावावी तसा अलगद येऊन थांबला. लालचा यात काही दोष नव्हता. ती दुसऱ्या कोणाची तरी होती, इतकंच.

सुशीलने हेल्मेट काढलं आणि बापापाशी आला. व्यापारी दोन पावलं मागे सरला.

"सांगा, बाबा."

श्यामरावांच्या तोंडात शब्द तयार होता. अनफिट. एकदा म्हटलं की संपलं. पोराने मान खाली घातली असती आणि दोघं चारचाकीत बसून घरी गेले असते.

"मले माहीत आहे तुम्ही काहून अटकवून राहिले," सुशील हळू म्हणाला. "दीड वर्ष मले स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलवर उभं ठेवलं तुम्ही. तिसऱ्याच महिन्यात समजलं होतं मले."

"मग बोलला काहून नाही?"

"तुम्ही रोज माझ्याशी बोलून राहिले होते न, बाबा. तासभर, दोन तास. लहानपणी कुठं मिळालं ते? म्हणून मी पण इकडून तिकडे होत राहिलो." त्याने हातमोजा काढला, परत घातला. "आता बाप म्हणून सांगू नका. तुम्ही म्हटलं नको, तर आजच सोडून देतो. पण ड्रायव्हर म्हणून सांगा. सिग्नल सांगा."

श्यामरावांनी रस्त्याकडे पाहिलं. गाड्यांकडे पाहिलं. पोराकडे पाहिलं. दीड वर्ष आपण हिरव्याला लाल म्हणत होतो आणि लालला हिरवा, रोज चहा पीत, समोर बसून. ज्याने नोकरीत एकदाही खोटा सिग्नल सांगितला नाही त्याने घरात दुसरं काही केलंच नव्हतं. भीती होती तिथेच होती, कणभरही कमी झाली नव्हती. पण दिसलं होतं ते दिसलं होतं.

"काळी," ते म्हणाले. "लालवर तू घाबरतो अन् तुले ते समजत नाही. काळीवर तू घरच्यासारखा बसतो. काळी फिट आहे." आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. "हरा."

श्यामराव हात तसाच धरून उभे होते, कारण उत्तर आल्याशिवाय तो खाली करायचा नसतो.

"हरा," सुशील म्हणाला.

काळी डिसेंबरात घरी आली. विनोदिनीबाईंनी तिला ओवाळलं, कुंकू कुठे लावायचं यावर मंजिरीशी थोडं वाजलं आणि अखेर ते नंबर प्लेटवर लागलं. नरहरी समोरून येऊन गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "स्कूटर तो नहीं लगती." श्यामरावांनी त्यांच्या नावावर खपवलेला स्कूटरचा विषय अखेर त्यांनी खरंच काढला. मागची सीट आधीच्या मालकाने काढून तिथे झाकण बसवलं होतं, त्यामुळे तिच्यावर दुसऱ्या कोणी बसण्याचा प्रश्न नव्हता.

पहिल्या रविवारी सुशील सकाळी निघाला. जिन्यात बापाच्या पाया पडला, आईच्या पडला, मंजिरीला हात केला. काळी गल्लीतून हळू बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली. मंजिरी आत गेली. श्यामराव गॅलरीत खुर्चीवर बसले. चहा आला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

रस्ता त्यांना पाठ होता. आता शारदा चौक आला असेल. श्यामरावांचा हात गुडघ्यावरून थोडा वर उचलला गेला. खाली दुकानं उघडत होती, कोणी वर पाहत नव्हतं. तरी ते ओशाळले आणि पुटपुटले, "हरा."

पुढे जयस्तंभ. "हरा."

उत्तर नव्हतं. असणार कुठून? मागे कोणी नव्हतं, शेजारी कोणी नव्हतं. एकट्याने म्हटलेला सिग्नल म्हणजे नुसती बडबड, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण शास्त्री चौक जवळ येत होता आणि तिथे गर्दी असते, म्हणून त्यांनी हात पुरता वर केला आणि मोठ्याने म्हटलं, "हरा!"

आत कुकरची शिट्टी झाली. ती थांबल्यावर स्वयंपाकघरातून विनोदिनीबाईंचा आवाज आला. पोळ्या लाटता लाटताच आला, हात न थांबवता, जणू हे काम त्या पूर्वीपासून करत होत्या.

"हरा."

श्यामरावांनी मान वळवून आत पाहिलं. त्यांना फक्त तिची पाठ दिसत होती. ती किती वर्षं हे असं एकटीच म्हणत आली असेल, हे त्यांना विचारायचं होतं. पण पुढचा तेलीबांधा चौक यायचा होता. त्यांनी हात पुन्हा वर केला.